पडणं थांबलं

“या महिन्यात किती वेळा पडलात, आजोबा?”

“एकदाही नाही.” उत्तर लेकीनं दिलं. आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते, मांडीवर चादर घेऊन.

प्रश्न विचारायला आलेल्या बाईनं लिहून घेतलं. म्हाताऱ्या माणसांचं घरात पडणं कमी करायचं, असा तो कार्यक्रम होता. दर आठवड्याला आरोग्यसेविका यायची, व्यायाम दाखवायची, पडलात का विचारायची. या सगळ्याचा उपयोग झाला का, हे तपासायचं काम या बाईकडे होतं. आठशे घरांचे तक्ते तिनं पाहिले होते. वर्षभरात पडणं चौथाईवर आलं होतं. तिचे साहेब खूश होते. पण असं का झालं हे तक्ता सांगत नाही, म्हणून बारा घरी बसून बोलायचं, हा हट्ट तिचाच. हे अकरावं घर.

“चालताना आता काय वेगळं करता?”

आजोबा हसले. मोजणी खात्यात नोकरी करताना साखळी घेऊन शेतंच्या शेतं पालथी घातलेला माणूस. “जन्मभर जमीन मोजली, बाई. आता तिला पायही लागत नाही.” त्यांनी चादर बाजूला केली. कमरेभोवती पट्टा होता, खुर्चीला आवळून बांधलेला.

लेकीचा चेहरा उतरला. “मी आठ तास कामावर असते, ताई. हे पडले की सेविका फॉर्म भरते. मग कार्यक्रमाच्या ऑफिसातून फोन येतो, घरात लक्ष द्यायला कुणी नाही का म्हणून. मी करू तरी काय? तुम्हीच सांगा.”

तिनं वही मिटली.

ऑफिसात येऊन तिनं आधीच्या दहा घरांची रेकॉर्ड केलेली बोलणी पुन्हा ऐकली. “आता कुठं उठायचं?” “सूनबाई उठूच देत नाहीत.” म्हाताऱ्यांची नेहमीची कुरकुर म्हणून तिनं ती कानाआड केली होती. बाराव्या घरी तिला असाच पट्टा दिसला. मग तिनं माणसं लावून आठशेही घरी एकच प्रश्न विचारून घेतला: गेल्या आठवड्यात हे स्वतःच्या पायांनी चालले का? पाचशे सत्तर घरांनी नाही म्हणून सांगितलं.

तिनं आकडे आणि बोलणी शेजारी शेजारी मांडली. आडपडदा ठेवला नाही. पडणं थांबलं, कारण चालणं थांबलं. साहेबांचा चेहरा पडला, पण त्यांनी अहवालातला एक शब्द बदलला नाही. कार्यक्रमाच्या समितीपुढे तिनं आजोबांचं बोलणं नाव न घेता वाचून दाखवलं. एका बाईंनी डोळे टिपले. “काहीतरी केलंच पाहिजे,” अध्यक्ष म्हणाले. त्या दिवशी ती कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली.

दोन महिन्यांनी आजोबांच्या लेकीचा फोन आला. आवाज अगदी मोकळा होता.

“ताई, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही बोललात म्हणून कार्यक्रमातर्फे घरोघर नवे पट्टे आले. आतून मऊ आहेत. बाबांना आता वळ उठत नाहीत.”