अकरा फोटो

"लग्नाला तुमच्या बाजूचं कोणीच नव्हतं?"

टेबलापलीकडे बसलेल्या अधिकारी ओगावा-सानांनी स्वरूपाला हे अगदी हळू विचारलं. इमिग्रेशनच्या ऑफिसात कोणी आवाज चढवत नाही, हे तिला जपानातल्या दहा वर्षांत कळलं होतं. नकारसुद्धा असाच मऊ येतो. टेबलावर तिच्या लग्नाचे अकरा फोटो मांडले होते. शेजारी अर्ज होता. पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याला, अनुरागला, इथेच राहू द्या, म्हणून बायकोने केलेला.

"सासूबाई होत्या," ती म्हणाली.

"त्या नवऱ्याच्या बाजूला धरल्यात."

"त्या वेगळ्या. मी म्हणतेय त्या माझ्या पहिल्या नवऱ्याच्या आई."

ओगावा-सानांचं पेन थांबलं.

हे जपानीत कसं सांगायचं? सत्यजित गेला तेव्हा मिताली दीड वर्षाची होती. माहेरचे म्हणाले, आता मुलीकडे बघ, दुसरा विचार नको. सासूबाईंनी मात्र वर्ष सरल्यावर साताऱ्यात स्वतः स्थळं बघायला घेतली. अनुरागच्या घरी त्या एकट्याच गेल्या. "माझ्या सुनेसाठी मुलगा बघायला आलेय," असं दारातच म्हणाल्या. अनुरागच्या आईच्या हातातला पाण्याचा तांब्या हातातच राहिला, हे अनुराग अजून रंगवून सांगतो. लग्नाला माहेरचं कोणी फिरकलं नाही.

आता अनुरागच्या नव्वद दिवसांतले एक्क्याऐंशी संपले होते. टोकियोत ती राहायची त्या निशी-कसाईतल्या निम्म्या मैत्रिणी म्हणत, इथूनच होतं काम. निम्म्या म्हणत, परत जावंच लागतं. आणि परवा जेवताना मितालीने त्याच्याकडे बोट करून, जपानीतच, विचारलं होतं, "हा किती दिवसांचा?"

"पण त्या एकाही फोटोत नाहीत," ओगावा-सान म्हणाल्या.

"सगळे त्यांनीच काढलेत."

हे सांगताना तिला आत कुठेतरी टोचलं. त्या दिवशी रजिस्ट्रारच्या ऑफिसात तिने किती विनवण्या केल्या होत्या. "आई, एका तरी फोटोत या ना." "मला नको गं त्यात ओढूस. मी काढते." काढलेले सगळे फोटो वाकडे. "अहो आई, दोन्ही हातांनी धरा मोबाइल." "दुसरा हात मोकळा नाहीये माझा," असं म्हणून त्या खांद्यावरची कापडी पिशवी कवटाळून उभ्या राहिल्या होत्या.

तेव्हापासून एक शंका स्वरूपाच्या मनात घर करून होती. आईंनी कर्तव्य केलं, पण त्यांना सोसवलं नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मागच्या भिंतीवर सत्यजितची तसबीर दिसे, चंदनाचा हार घातलेली. बारीकसारीक टिपायची स्वरूपाला खोडच होती. सत्यजित गेल्यापासूनच्या साडेतीन वर्षांत तो हार बोटभरही सरकलेला तिने पाहिला नव्हता.

ओगावा-सानांनी ड्रॉवरमधून भिंग काढलं. एकेक फोटो त्याखाली सरकवत त्या सातव्यापाशी थांबल्या. तो स्वरूपा सही करतानाचा होता. अनुराग, त्याची आई, साक्षीदार, अगदी कारकूनसुद्धा, सगळ्यांच्या माना रजिस्टरावर झुकलेल्या. मागे फायलींचं काचेचं कपाट.

"आणि हा माणूस कोण?"

"कुठला माणूस?"

"काचेतला."

कोण कुठला उपरा माणूस, त्याच्यापायी सगळं अडणार की काय? तिने भिंग हातात घेतलं.

काचेत आई दिसत होत्या, करंगळीएवढ्या. उजव्या हातात मोबाइल. पिशवी कोपरावर रिकामी लोंबत होती. डाव्या हाताने त्यांनी एक तसबीर छातीशी धरली होती, तोंड लग्नाकडे करून.

सत्यजित हसत होता.

"माझा पहिला नवरा," ती म्हणाली.

ओगावा-सानांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे गेलेल्या माणसाला असं लग्नाला आणतात. माझ्या मुलीच्या लग्नात मी नवऱ्याचा फोटो मांडीवर घेऊन बसले होते. तुमच्याकडेही आणतात?"

"नाही." स्वरूपाने मान हलवली. "आमच्याकडे अशुभ मानतात. आमच्याकडे असं कोणीच करत नाही."

ओगावा-सानांनी अर्ज पुढे ओढला. वधूच्या बाजूची माणसं, या रकान्यात मघाशी लिहिलेलं शून्य एका रेघेने खोडलं. वर 'दोन' लिहिलं आणि दुरुस्तीशेजारी आपला छोटा लाल शिक्का उमटवला.

"पत्र येईल," त्या म्हणाल्या. "तोवर परतीच्या तिकिटाची घाई करू नका."

दाराच्या काचेतून बाहेरचा बाक दिसत होता. मिताली अनुरागचं बोट धरून त्याला ज्यूसच्या मशीनवरची एकेक अक्षर वाचायला शिकवत होती. अनुराग चुकत होता आणि ती कपाळावर हात मारून घेत होती.

स्वरूपाला उठायचं भान नव्हतं. तिने भिंग पुन्हा त्या फोटोवर धरलं. तसबीर तीच होती, चौकट तीच, हसणंही तेच. तरी काहीतरी वेगळं होतं. ती बघत राहिली.

लेकाला लग्नाला आणताना आईंनी त्याचा हार घरी काढून ठेवला होता.