उजवीकडचा वारा

तळावरच्या तयारीच्या खोलीत हेल्मेट अडकवायला सोळा खुंट्या होत्या आणि हेल्मेटं तीन. बाहेर विमानं मात्र सोळाच्या सोळा होती. त्यातली तेरा विमानं वैमानिकांच्या प्रती उडवत. हातांची सवय यंत्रात उतरवून दिली की दल भरघोस बोनस देई. मग माणसाने जमिनीवर राहायचं, उडायचं ते प्रतीने.

विंग कमांडर किणीकरांनी तोच करार स्क्वाड्रन लीडर मृण्मयी दाभाडेपुढे सरकवला. "मार्चमध्ये तुझी चाचणीप्रत घेतलीच आहे. सही कर आणि मोकळी हो."

"सर, मार्चमध्ये माझं मनगट दुखत होतं. उजवीकडून वारा आला की उतरताना मी चुकायचे. मी ती चूक सुधारली. ती बया अजून तशीच चुकत असेल."

"यंत्र चुकत नाही, दाभाडे."

"मग आज वारा उजवीकडूनच आहे. आधी तिला उतरवा, नंतर मी उतरते. ती मधल्या रेषेच्या जास्त जवळ टेकली तर सही करते. नाहीतर हा कागद तुम्ही फाडायचा."

"मोजणार कोण?"

दारातल्या सार्जंट खरातांनी खिशातून टेप काढली. "मी मोजतो, सर. टेपला हुद्दा कळत नाही."

दोन्ही विमानं उतरल्यावर खरात धावपट्टीवर गुडघे टेकून बसले. त्यांनी पुढच्या चाकांच्या खुणा दोनदा मोजल्या आणि किणीकरांना आकडे वाचून दाखवले. मधल्या रेषेपासून प्रत तीन मीटर दहा सेंटिमीटर, मॅडम चाळीस सेंटिमीटर.