एक चौकट खाली

मोकाशीकाकांनी विवाह मंडळाची वधू-वर सूची माझ्या कीबोर्डवर आपटली. "चाळीस नंबर बघ. नाव आमच्या अविनाशचं आणि फोटो कुणाचा?"

फोटो चांगलाच देखण्या मुलाचा होता. छापखान्याच्या मालकांच्या हट्टापायी आम्ही सूचीच्या जुन्या फायली नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेल्या आणि त्या प्रवासात प्रत्येकाचा फोटो एक चौकट खाली सरकला.

"चुकलं, काका. उद्याच शुद्धिपत्रक छापतो."

"छापून तर बघ, हात तोडीन! चार वर्षांत मुलीकडचा एक फोन नव्हता. या आठवड्यात अकरा आले."

"पण काका, लग्नात खरा मुलगा दिसणारच की."

"मुंडावळ्यांमागचं कोण बघतंय?"

तेवढ्यात दार ढकलून एक बाई तरातरा आत आल्या. त्यांच्याही हातात सूची होती. "एकेचाळीस नंबरला माझा राजबिंडा मुलगा आहे. त्याच्या नावावर हे माकड कुणी चिकटवलं?"

काकांनी वाकून फोटो बघितला आणि ते आणखीच भडकले. "तोंड सांभाळा, बाई! माझा मुलगा आहे तो."

मग माझ्याकडे वळले. "छाप रे तुझं शुद्धिपत्रक. आमच्या अविनाशचा फोटो पानभर घे."