भैरोबाचा कौल

“हे ऑपरेशन मी करणार नाही,” डॉक्टर मोडक म्हणाले. “माझ्या सदसद्विवेकबुद्धीला ते पटत नाही.”

समोर वडिवळ्याची बायडाबाई उभी होती. तिची सात बाळंतपणं झाली होती. सातव्याला रक्त थांबेना, तेव्हा लोणावळ्याच्या याच धर्मादाय दवाखान्यात मोडकांनीच तिला बजावलं होतं, पुन्हा दिवस गेले तर तू वाचणार नाहीस. म्हणून तिला पोरं बंद करून हवी होती. कागदावर नवऱ्याचा, नथूचा अंगठा होता. सरकारची हरकत नव्हती. हरकत फक्त मोडकांच्या बुद्धीची होती. ही बुद्धी गळू फोडताना गप्प असे, दात उपटताना गप्प असे. बाईच्या कुशीचा विषय निघाला की बोलू लागे.

“मग म्या मरू का, सायेब?”

“मूल देणारा देव आहे. त्याच्या कामात मी हात घालणार नाही. त्यानं सांगितलं तर उद्या करतो.”

हे ते साऱ्या वॉर्डासमोर बोलले. मोडक पुण्याचे. त्यांचा देव कधी बोलत नसे. वडिवळ्याचा भैरोबा दर रविवारी बोलतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओला तांदूळ चिकटवतो. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार.

सोमवारी सकाळी बायडाबाई हजर. साक्षीला कोंडाजी गुरव.

“उजवा पडला?” मोडकांनी विचारलं.

“पडला,” गुरव म्हणाला आणि फरशीकडे बघू लागला.

बाया खाटांवर उठून बसल्या. मोडकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. भैरोबा झाला तरी शंकराचाच अवतार, आणि मोडकांच्या घरी सोमवार पाळत. “टेबल तयार करा,” ते नर्सला म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. आता जबाबदारी देवाची होती.

भुलीची सुई टोचताना मात्र त्यांना राहवलं नाही. “बाई, पहिल्याच खेपेला उजवा पडला?”

“कुटलं वो! तीनदा डावाच पडला. मंग म्या म्हनलं, देवा, पुढल्या खेपेला तूच बाळंत हो. तवा पडला उजवा.”