चारशे डोक्यांची दाद

मिरजेच्या नाट्यगृहात सकाळच्या मैफलीला चारशे रबरी डोकी खुर्च्यांवर बसून कुमुदिनीबाईंच्या तोडीला माना डोलावत होती. ही गाणं टिपून घेणारी डोकी आपल्या जागी पाठवून त्यांचे मालक घरी अंथरुणात लोळत हेच गाणं नंतर दुप्पट वेगानं ऐकणार आणि ‘आम्ही मैफलीला होतो’ असं जगाला कळवणार. दर मिनिटाला ‘वाहवा’ म्हणायचं कामसुद्धा डोक्यांवरच सोपवलेलं.

बाईंनी मनाशी ठरवलं होतं, आज एकानंही चूक धरली नाही तर गाणं कायमचं बंद. त्यांनी मुद्दाम सम चुकवली.

“वाहवा!” चारशे डोकी म्हणाली.

बाई तंबोरा आडवा ठेवणार, तेवढ्यात तीस वर्षं दारातूनच गाणं ऐकत चहा विकणाऱ्या गंगाक्का ओरडल्या, “अहो बाई, सम चुकली की हो!”

“क्या बात है!” डोकी म्हणाली.

“गप बसा! तंबोऱ्याच्या भोपळ्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं!” अक्का डोक्यांवर खेकसल्या.

बाई हसत हसत खाली उतरल्या, अक्कांच्या स्टोव्हशेजारी बसल्या आणि तिथंच तोडी नव्यानं सुरू केली.

आत डोकी रिकाम्या मंचाला दुपारपर्यंत दाद देत राहिली. आणि घरोघरी मालकांनी लिहून टाकलं, “काय रंगली आज मैफल!”