एकोणीस सह्या

"आठ दिस झाले, पोरीचा फोन लागंना," चैतालीचे वडील म्हणाले. "परीक्षेपायी बंद ठेवला आसंल म्हनलं, पर आता ऱ्हावंना."

"अहो काका, काल संध्याकाळपर्यंत हजर आहे ती," होस्टेलच्या रेक्टर मॅडमनी हजेरीची वही त्यांच्यापुढे सरकवली. "आणि ही मेघना, तिची रूम पार्टनर. विचारा तिला."

एकोणीस दिवसांपूर्वी चैताली सॅक पाठीला लावून दारात उभी होती. "दोन दिवस घरी जाऊन येते गं. तेवढी माझी सही मार." त्यात विशेष काय? होस्टेलात सगळ्याच एकमेकींच्या सह्या मारायच्या. दोनाचे आठ झाले, आठाचे एकोणीस. फोन बंद, पण तिच्या गावाला रेंज असते कुठे? परीक्षा तोंडावर आली तरी बया घरीच रमलीय, असं म्हणत मेघना रोज सात वाजता आधी आपली सही करायची, मग तिची. खाली लांब रेघ, रेघेखाली दोन टिंबं. आता हात चांगला बसला होता.

"काका, ती..." मेघना एक पाऊल पुढे आली.

म्हाताऱ्याचं बोट कालच्या सहीवर थांबलं होतं. हळूहळू त्याच्या तोंडावर हसू आलं.

"हीच की! शाळेपासनं आशीच टिंबं देती." त्यानं लाडवांचा डबा काखेत घेतला. "बसतो मंग फाटकापाशी. सातला येईलच की सही कराया."