काटा अठरावर

कुमुदनं जुन्या पेट्रोल ट्रकच्या इंजिनाला रबरी नळी जोडली आणि तिच्या टोकाचा, इंजिन हवा किती जोरानं ओढतंय ते दाखवणारा व्हॅक्यूम गेज अप्पांना दिसेल असा मडगार्डवर ठेवला. अप्पा मिस्त्री आयुष्यभर स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिनं पारखत आले होते. यंदा कान गेले. ‘इंजिन धडधाकट आहे’ हा त्यांचा निकाल ट्रकमालक जिनदत्तशेठना पटेना, म्हणून कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या अप्पांच्या लेकीनं, कुमुदनं, हा गेज आणला होता.

“काटा अठरापर्यंत गेला तर इंजिन चांगलं,” तिनं शेठना सांगितलं.

ट्रक सुरू झाला. काटा दहावर जाऊन थांबला.

“बघा, मी म्हणत नव्हतो?” शेठनी भंगारवाल्याला फोन लावायला मोबाइल काढला.

अप्पांनी एकदा काट्याकडे, एकदा शेठच्या तोंडाकडे बघितलं. मग हात धुवायच्या साबणाचा फेस करून, पंक्चर शोधताना लावतात तसा, त्यांनी नळीच्या जोडावर थापला. फेस फुगला नाही. सुर्रकन आत ओढला गेला. हवा तिथूनच शिरत होती. कुमुदकडून नळीची क्लिप ढिली राहिली होती.

“बाईसाहेब, तुमच्या यंत्रालाही मिस्त्री लागतोच की!” म्हणत अप्पांनी त्याच जुन्या स्क्रूड्रायव्हरनं क्लिप आवळली. काटा अठरावर चढला आणि तिथंच निवांत बसला.

“अप्पा, दुसरा ट्रकपण उद्या पाठवतो!” शेठ ओरडले.

अप्पांना ते ऐकू गेलं नाही. काट्यावर नजर ठेवून, सवयीनं मान एका बाजूला कलवून, ते इंजिन ऐकत होते.